काळ्या मातीतले अर्थिंग आणि विजेवरची गाडी

विजेवरच्या मोटारीसोबत मिळणारा चार्जर घरात अर्थिंग नसेल तर सहसा लाल दिवा दाखवतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. अशा वेळी थ्री पिन सॉकेट उघडून न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये वायरचा एक तुकडा जोडला की काम भागते, असा सल्ला विदर्भातल्या गावांत सर्रास दिला जातो. त्याने चार्जिंग सुरू होते हे खरे. पण चार्जर ज्या धोक्याची सूचना देत होता, तो धोका तसाच राहतो आणि वर नवा एक निर्माण होतो.

अर्थिंगची तार गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते. गाडी रबरी टायरांवर उभी असल्यामुळे सांगाड्यावर आलेल्या विजेला जमिनीकडे जाण्यासाठी या तारेखेरीज दुसरा भरवशाचा मार्ग नसतो. न्यूट्रल जमिनीच्या पातळीवर राहते, ती डीपीपर्यंत, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, अखंड आहे तोवरच. वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली, किंवा दुरुस्तीनंतर सर्व्हिस वायर जोडताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली, तर त्याच तुकड्यातून जवळजवळ २३० व्होल्टचा दाब सांगाड्यावर येतो. मग ओल्या अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने गाडीच्या उघड्या धातूला नुसता हात लावणे पुरेसे असते.

खड्डा खणून, नळी पुरून, मीठ-कोळसा घातला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. खड्ड्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, २० ओहम आणि डीपीच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे असे धरू. फेजची तार सांगाड्याला टेकली, तर ओहमच्या नियमाने २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर प्रवाह जमिनीतून वाहील. एवढ्या प्रवाहाने १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा खटका) पडणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने हा नेहमीच्या वापराचाच प्रवाह आहे. सांगाड्यावर मात्र ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट राहतील. 'सी' प्रकारचा असा एमसीबी तत्काळ पडण्याची खात्री हवी असेल, तर त्याच्या दहापट, म्हणजे १६० अँपिअर वाहायला हवेत, म्हणजे संपूर्ण मार्गाचा रोध दीड ओहमच्या आत हवा. गावातल्या घराच्या खड्ड्याकडून ही अपेक्षा धरता येत नाही.

हा रोध मातीत नेमका कुठे असतो, हा मला या विषयातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. नळीतून निघालेला प्रवाह सर्व बाजूंनी पसरतो. नळीला लागून असलेल्या मातीच्या कवचाचे क्षेत्रफळ लहान असते, त्याबाहेरच्या कवचाचे मोठे आणि त्याहीपलीकडच्याचे आणखी मोठे. त्यामुळे प्रवाह जसा दूर जातो तशी त्याची वाट रुंदावत जाते आणि दूरच्या मातीचा अडथळा नगण्य होतो. तीन मीटर लांब आणि बोटाएवढ्या जाड कांबीच्या बाबतीत एकूण रोधाचा सुमारे पाव भाग पहिल्या तीन सेंटीमीटर मातीत आणि सुमारे दोन तृतीयांश भाग पहिल्या फूटभरातच असतो.

आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव इथेच आडवा येतो. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाण्याने फुगते आणि वाळले की आकसते. श्रावणात ही माती नळीला घट्ट बिलगलेली असते. तिची रोधकता (विजेला अडवण्याचा मातीचा गुण) १० ओहम-मीटरच्या आसपास असेल, तर अडीच मीटरची नळी तीन-चार ओहमपर्यंतही उतरते. वैशाखात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती नळीपासून सुटते आणि ज्या तीन सेंटीमीटरवर एवढी मदार आहे तिथे हवा शिरते. म्हणून ऑगस्टमध्ये मोजलेला रोध मे महिन्यासाठी ग्राह्य धरू नये. मुरमाड जमिनीची रोधकता ३०० ओहम-मीटर असेल, तर तीच नळी शंभर ओहमच्या घरात जाते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात उलट अडचण आहे: क्षारांमुळे माती वीज उत्तम वाहते, पण तेच क्षार लोखंडी नळी खातात, आणि वरून शाबूत दिसणारी नळी खाली कुजलेली असू शकते.

फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये शंभर वॅटचा बल्ब पेटवून 'अर्थिंग चांगले आहे' असा निर्वाळा देण्याची पद्धतही सोडायला हवी. पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. खड्ड्याचा रोध ५० ओहम असला, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो डोळ्याला नेहमीसारखाच पेटलेला दिसतो. खरा रोध अर्थ टेस्टरनेच कळतो.

मातीच्या या लहरीवर उपाय आहे तो आरसीसीबीचा, म्हणजे विजेची गळती ओळखून पडणाऱ्या खटक्याचा. त्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून जातात. गेलेला प्रवाह पूर्णपणे परतला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. थोडा प्रवाह जमिनीतून निसटला, तर उरलेल्या क्षेत्रामुळे कड्यावरच्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि खटका पडतो. ३० मिलिअँपिअर गळतीला पडणाऱ्या आरसीसीबीला सांगाड्यावरचा दाब ५० व्होल्टच्या आत राखण्यासाठी गणिताने १,६०० ओहमचे अर्थिंगही चालते! अर्थात म्हणून खड्ड्याची हेळसांड करू नये, पण एमसीबीला २० ओहमही पुरत नाहीत, हे विसरता येत नाही. सॉकेटमधला तो न्यूट्रल-अर्थिंगचा तुकडा मात्र आरसीसीबीलाही आंधळा करतो: फेजमधून सांगाड्यावर आलेला प्रवाह त्या तुकड्यातून न्यूट्रलला मिळतो, त्याच कड्यातून परततो, आणि यंत्राच्या लेखी सारा हिशेब जुळलेला असतो.

शॉक लागलेल्या माणसाला मातीत पुरले की अंगातली वीज जमिनीत उतरते, ही समजूत अजून जिवंत आहे आणि तिच्यामुळे उपचाराची मोलाची मिनिटे वाया जातात. स्पर्श सुटताच शरीरातला प्रवाह थांबतो. आत वीज साठून राहत नाही. बिघडते ती हृदयाची लय. आधी मेन स्विच बंद करावा, १०८ ला फोन करावा, आणि माणूस बेशुद्ध असून श्वास नीट चालत नसेल, तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने छातीच्या मध्यभागी दाब देत राहावे.

चार्जिंगसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यावा. तो निदान 'ए' प्रकारचा असावा, कारण गाडीतला चार्जर एसीचे (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाचे) डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) करतो आणि बिघाडात गळणारा प्रवाह साधा एसी असेलच असे नाही. डीसीने कडे चुंबकीयदृष्ट्या भरून गेले, तर 'एसी' प्रकारचा आरसीसीबी खरी गळतीही ओळखत नाही. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे, पण ते अर्थिंग तुटलेले असतानाही खटका पाडते, म्हणून खड्ड्याचा रोध वेगळा मोजावा लागतो. तो मे महिन्यात, खड्ड्यात पाणी ओतण्याच्या आधी मोजून घ्यावा.