पाने पिवळी पडणे (कुंडीतील घरगुती झाडांची)

घरात कुंडीत लावलेल्या झाडाच्या पानांतला हिरवा रंग उतरून ती फिकट, पोपटी किंवा पूर्ण पिवळी होणे. शास्त्रीय परिभाषेत याला हरितलोप किंवा क्लोरोसिस म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे, अनेक कारणांनी उमटणारे लक्षण आहे. म्हणून पान पिवळे दिसले की लगेच खत घालण्याची सर्रास चालणारी पद्धत बहुधा चुकते. कुंडीतल्या झाडांत खताच्या कमतरतेपेक्षा पाण्याचा अतिरेक कितीतरी अधिक वेळा आढळतो.

पिवळा रंग पानात बहुधा आधीपासूनच असतो. कॅरोटिनॉइड गटातली पिवळी रंगद्रव्ये निरोगी पानातही असतात. हरितद्रव्य दाट असल्यामुळे ती दिसत नाहीत. हरितद्रव्य सतत मोडते आणि सतत नव्याने तयार होते. त्याची घडण मंदावली किंवा मोड वाढली की खालचा पिवळा उघडा पडतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक आणि त्याभोवती नायट्रोजनचे चार अणू असतात. लोह या रेणूत नसते, पण तो घडवायला लागते. फिकट पानांना लोहाचे क्षार दिल्यावर ती पुन्हा हिरवी होतात, हे फ्रान्समध्ये युसेब ग्री यांनी १८४० च्या दशकात दाखवून दिले होते.

निदानाची पहिली खूण म्हणजे पिवळे पान झाडावर नेमके कुठे आहे. नायट्रोजन, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवू शकते, त्यामुळे त्यांची चणचण आधी खालच्या पानांवर दिसते. नायट्रोजन कमी पडले तर जुने पान सगळीकडे सारखेच फिकटते. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरांलगतचा भाग हिरवा राहून मधली जागा पिवळी होते. पोटॅशियमच्या अभावात कडा आधी पिवळ्या पडून करपतात. लोह आणि मँगनीज मात्र एका पानातून दुसऱ्यात सहजी हलत नाहीत. त्यामुळे कोवळी पालवी पिवळी आणि तिच्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी, असे चित्र दिसते. असे दिसले तरी मातीत लोह असतेच असे अनेकदा आढळते. सतत जड (क्षारयुक्त) पाणी दिल्याने मातीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप (pH), ७ च्या वर गेला की तेच लोह मुळांना घेता येत नाही. अगदी तळाचे एखादेच पान सावकाश पिवळे होत असेल आणि बाकी झाड तजेलदार असेल तर ते पानाचे वय झाल्याचे लक्षण. झाड त्या पानातला नायट्रोजन परत काढून घेत असते, म्हणून ते पूर्ण पिवळे होईपर्यंत खुडू नये.

दुसरी खूण मातीत असते. मातीच्या कणांमध्ये ओलावा आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याला वाफसा म्हणतात, आणि कुंडीतल्या झाडाची बहुतेक दुखणी वाफसा मोडल्याने होतात. मुळे श्वास घेतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो, त्यामुळे सतत चिंब राहिलेल्या मातीत मुळे गुदमरतात आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे सूक्ष्मजीव त्यांना कुजवतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून ओल्या मातीत उभे असलेले झाडही तहानेने मान टाकल्यासारखे दिसते, आणि ते पाहून आणखी पाणी घातले जाते. घरातली झाडे सर्वाधिक याच गैरसमजाने दगावतात. निचऱ्यासाठी तळाशी खडी घालण्याचाही उपयोग होत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, उलट चिंब थर मुळांच्या अधिक जवळ येतो. कुंडीला भोक असणे आणि ताटलीतले साचलेले पाणी ओतून देणे, हेच खरे.

तपासणीसाठी बोट ४–५ सेंटिमीटर आत घालावे, कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. शंका राहिली तर झाड मातीच्या गड्ड्यासह बाहेर काढावे. निरोगी मूळ बहुधा पांढरट आणि कडक असते. कुजलेले तपकिरी, लिबलिबीत, वास मारणारे असते आणि ओढताच त्याची साल निसटून आतला दोरा हातात राहतो. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नये, ड्रसिनाची मुळे मुळातच नारिंगी असतात. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापून झाड भुसभुशीत, निचऱ्याच्या नव्या मातीत, उरलेल्या मुळांना बेताचीच पुरेल अशा कुंडीत लावावे. नवी वाढ दिसेपर्यंत खत देऊ नये. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट जाडसर पानांत वा कंदांत पाणी साठवतात. त्यांची माती दर वेळी पूर्ण सुकू द्यावी.

पाणी कमी पडल्यास कुंडी हलकी लागते, पानांच्या कडा कुरकुरीत होतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) फार सुकले की ते कुंडीच्या कडेपासून सुटते आणि वरून घातलेले पाणी फटीतून तसेच निघून जाते. अशी कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावी. मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी क्षारांची साय दिसली तर कुंडीच्या दोन-तीन पट पाणी सोडून माती धुवावी.

प्रकाश कमी असेल तर खालची व आतली पाने गळतात. एकदम कडक उन्हात ठेवल्यास वरच्या पानांवर पांढरट-पिवळे चट्टे येतात. फायकस वर्गातली झाडे जागा बदलली तरी पाने टाकतात. अशा वेळी ती पुन्हा हलवू नयेत.

पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके असतील तर पानाची मागची बाजू पाहावी. पांढऱ्या कागदावर पान झटकले आणि पडलेले कण चालू लागले तर तो लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. उबदार, कोरड्या हवेत त्याची नवी पिढी साधारण आठवड्याभरात तयार होते, म्हणून कडुनिंबाच्या तेलाची एक फवारणी पुरत नाही. पाने धुऊन ५–७ दिवसांच्या अंतराने किमान तीनदा ती करावी. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड ओल्या बोळ्याने पुसून काढता येतात.

खत द्यायची वेळ येते ती पाणी, मुळे आणि कीड पाहून झाल्यावरच. वाढीच्या काळात संतुलित खत अर्ध्या मात्रेत पुरते. लोहासाठी चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता यावे म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेले लोह, वापरतात. माती अल्कधर्मी असेल तर ईडीटीए (EDTA) या बांधणाऱ्या रेणूऐवजी ईडीडीएचए (EDDHA) स्वरूपातले टिकते. लोहाअभावी फिकटलेली कोवळी पाने बऱ्याचदा हिरवी होतात. बाकी पूर्ण पिवळे झालेले पान सहसा परत फिरत नाही, त्यामुळे उपाय लागू पडला का, हे पुढच्या नव्या पानावरूनच कळते.

मुळे सगळीच गेली असतील तर मनी प्लांट किंवा फिलोडेंड्रॉनचे पेर असलेले निरोगी फाटे कापून पाण्यात ठेवावेत, काही आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात. पामच्या खोडाच्या तुकड्याला मुळे फुटत नाहीत. त्यामुळे पामची एकाहून अधिक पाने एकदम पिवळी पडू लागली तर मुळांची तपासणी त्याच दिवशी करावी.