उपचार म्हणायचं की संशोधन?

‘खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी’ अशा आशयाचं पत्र अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना गेलं. माणसं विश्वासाने आली. त्यांच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं गेलं. त्यात उपचार काहीच नव्हता. सिफिलिस हा लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग मज्जासंस्थेपर्यंत पोचलाय का, एवढंच डॉक्टरांना पाहायचं होतं.

अलाबामातल्या टस्कीगी गावचा हा सरकारी अभ्यास १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं चालला. सुमारे ६०० पुरुषांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं होतं, तुमचं रक्त खराब आहे. १९४७च्या सुमारास पेनिसिलिन हा या रोगावरचा रुळलेला उपचार झाला, तरी ते त्यांना दिलं नाही. त्याच १९४७ साली न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांवरच्या खटल्याचा निकाल लागला आणि न्यायाधीशांनी माणसांवरच्या प्रयोगांसाठी दहा कलमं घालून दिली. पहिलंच कलम होतं, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवी. टस्कीगीत त्याचा काही परिणाम झाला नाही. वर्तमानपत्रांनी बातमी फोडली तेव्हाच अभ्यास थांबला.

मला यात सगळ्यांत क्रूर वाटतो तो ‘उपचार’ हा शब्द. उपचारात डॉक्टर समोरच्या रुग्णाचं भलं पाहतो. संशोधनात डॉक्टरला एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं, आणि त्याचा फायदा बहुधा पुढच्या रुग्णांना होतो. कोणाला नवं औषध आणि कोणाला जुनं, हे अनेकदा चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. कोणाला काय मिळालं हे पुष्कळदा डॉक्टरलाही ठाऊक नसतं. डोस आधीच ठरलेला असतो. तपासण्याही जास्त होतात, कारण अभ्यासाला त्या लागतात. संशोधनातल्या नीतीविषयीचा १९७९चा अमेरिकेतला बेलमाँट अहवाल म्हणूनच आधी उपचार आणि संशोधन यांतला फरक सांगतो, तत्त्वांकडे नंतर वळतो.

अडचण अशी की कोणी खोटं बोललं नाही तरी हा गोंधळ होतो. रुग्णालय तेच, डॉक्टरही ओळखीचेच. मग मनाला वाटतं, यांनी माझ्यासाठीच हे निवडलंय. संमतीपत्रावर सही करूनही रुग्ण असंच समजतात, हे १९८०च्या दशकापासून संशोधकांनी दाखवून दिलंय. त्यामुळे निव्वळ सही मला अपुरी वाटते. समजावून झाल्यावर ‘आता तुमच्या शब्दांत सांगा, इथे काय होणार आहे?’ असं विचारणारा संशोधक मला अधिक प्रामाणिक वाटतो. उत्तरात ‘तुम्ही मला बरं करणार’ एवढंच आलं, तर पुन्हा पहिल्यापासून सांगायला हवं.

संशोधक मात्र घाईत असतो, स्वतःच्या कल्पनेच्या प्रेमातही असतो. म्हणून प्रकल्प आधी नीतिसमितीपुढे जातो. तिथे विज्ञानाबाहेरचा एखादा सदस्य असणं फार मोलाचं, कारण ‘हे मला कळलं नाही’ असं तो बिनदिक्कत म्हणू शकतो.

आणि बाहेर पडण्याचा हक्क? न्यूरेंबर्गच्या नवव्या कलमात तो होता, पण पुढे जाणं अशक्य वाटेल अशी अवस्था आली तर. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत तो रुंदावत गेला. आज सहभागी कधीही थांबू शकतो, आणि त्यापायी त्याच्या नेहमीच्या उपचारात काही उणं येता कामा नये.