दूरमारी पात्राचे चिलखत

ऑनलाइन भूमिका-खेळांत धनुष्य, बंदूक किंवा फेकण्याची शस्त्रे घेऊन लांबून लढणारे पात्र अंगावर काय घालते आणि ते कसे निवडले जाते, यासंबंधीची ही नोंद. अशा पात्राला खेळाडू ‘आर्चर’, ‘रेंजर’, ‘हंटर’ किंवा नुसते ‘रेंज’ म्हणतात. चिलखताला ‘आर्मर’, जुळणाऱ्या तुकड्यांच्या संचाला ‘सेट’ आणि शस्त्रासकट सगळ्याला मिळून ‘गिअर’ हे शब्द रूढ आहेत. मंत्र टाकणारे पात्रही लांबूनच लढते. पण त्याच्या झग्यांचा हिशेब निराळा असल्याने ते येथे धरलेले नाही.

तलवारवाल्याचे चिलखत लढाई सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मार खाते. धनुर्धाऱ्याचा पहिला बचाव म्हणजे अंतर. शत्रू पोहोचेपर्यंत तो अर्धमेला झालेला असतो, किंवा पोहोचतच नाही. चिलखत कामी येते ते हे अंतर तुटल्यावर, किंवा शत्रूही लांबूनच मारत असेल तेव्हा. म्हणून ‘सर्वांत जाड कोणते’ हा प्रश्न येथे फारसा उपयोगी पडत नाही. अंतर किती वेळा तुटणार आणि तुटल्यावर अंगावर काय येणार, हे आधी पाहावे लागते. नवखे खेळाडू नेमके येथेच चुकतात. दुकानात सर्वांत मोठा बचाव-आकडा दिसला की तो घेतात आणि मग बाण लागत नाहीत म्हणून धनुष्याला दोष देतात.

धनुर्धारी आणि चिलखत यांची जोडी मराठी माणसाला नवी नाही. कर्णाची कवचकुंडले जन्मजात होती, आणि ती दिल्यावर त्याचे काय झाले हे दशावतार पाहणाऱ्या पेडण्यातल्या पोरालाही सांगावे लागत नाही. गोव्यात तरीही योद्ध्याचे डोळ्यांपुढे येणारे चित्र तलवारीचे असते. डिचोली-सत्तरीकडच्या शिगम्यातल्या घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधलेला गडी तलवार उगारूनच नाचतो. नव्याने खेळात शिरणारा मुलगा आधी तलवारच का उचलतो याचे कारण येथे शोधण्याचा मोह होतो. पण पुण्यातला मुलगाही तलवारच उचलतो, त्यामुळे हा मोह आवरलेला बरा.

मूळ नियम

हलके चिलखत धनुर्धाऱ्याचे आणि जड चिलखत तलवारवाल्याचे, ही वाटणी संगणकाच्या आधीची आहे. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळला जाणारा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक चिलखताला चपळाईची मर्यादा लावली. जितके जड चिलखत, तितका चपळाईचा फायदा कमी. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हा नियम सुटसुटीत झाला. हलक्या चिलखतात चपळाईचा पूर्ण फायदा मिळतो, मध्यम चिलखतात जास्तीत जास्त दोन आणि जड चिलखतात शून्य.

गणित करून पाहण्यासारखे आहे. खिळे ठोकलेल्या चामड्याच्या हलक्या चिलखताचा बचावाचा मूळ आकडा १२, अर्ध्या पत्र्याच्या मध्यम चिलखताचा १५. चपळाई १८ असेल तर फायदा ४ मिळतो. चामड्यात बेरीज १६ होते आणि पत्र्यात १५ अधिक २, म्हणजे १७. चपळाई २० ला नेली की फायदा ५ होतो, चामड्याचे १७ होतात आणि पत्रा १७ वरच थांबतो. धनुर्धारी चपळाई वाढवतोच, कारण त्याचा नेमही तिच्यावरच चालतो. म्हणजे बाण मारायला शिकता शिकता त्याचे चामडे पत्र्याच्या बरोबरीला येते. त्यात पत्र्याचा खडखडाट लपून चालायला आड येतो, चामड्याला तशी अडचण नाही. पुढच्या ऑनलाइन खेळांनी आकडे बदलले, मांडणी मात्र बरीचशी हीच ठेवली.

कोरियातल्या ग्रॅव्हिटी कंपनीच्या २००२ सालच्या ‘रॅग्नरॉक ऑनलाइन’मध्येही धनुष्याचा मारा नेमाच्या गुणावर अवलंबून आहे. त्यात ‘ॲपल ऑफ आर्चर’ नावाची डोक्यावर ठेवण्याची वस्तू मिळते: बाण घुसलेले सफरचंद. बचावाच्या दृष्टीने तिची किंमत नगण्य आहे, पण नेम ३ ने वाढतो. त्या खेळातले आर्चर डोक्यावर फळ ठेवून हिंडत ते यासाठी.

आकडे कसे वाचावेत

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. त्याच्या जुन्या रूपात हंटर स्तर ४० पर्यंत चामडे घालतो आणि ४० नंतर त्याला कड्यांचे चिलखत, म्हणजे ‘मेल’, घालता येते. स्तर ६० च्या शत्रूविरुद्ध चिलखताचा आकडा भागिले (तोच आकडा अधिक ५५००), एवढा भाग मारातून वजा होतो. चिलखत १००० असेल तर सुमारे १५ टक्के मार कमी होतो, ३००० ला ३५ टक्के, ५५०० ला निम्मा. टक्के पाहिले की वाटते, पुढे पुढे चिलखताचा फायदा घटतो. तसे नाही. ४००० जीव (म्हणजे मरेपर्यंत सोसता येणारा मार) असलेला हंटर १००० चिलखतात सुमारे ४७२७ चा मार सोसतो आणि ३००० चिलखतात सुमारे ६१८२ चा. प्रत्येक हजारामागे ७२७ ची भर पडते, पहिल्या हजाराला तेवढीच आणि तिसऱ्यालाही तेवढीच. (७५ टक्क्यांवर मात्र खेळ स्वतःच थांबवतो, हंटर त्या टोकाला पोहोचत नाही.)

असे असूनही त्या काळातले अनुभवी हंटर मेल सोडून चामड्याचा तुकडा अंगावर घालताना दिसत. चामडे मुख्यतः ‘रोग’ (Rogue, म्हणजे लपूनछपून जवळून वार करणारे पात्र) याच्यासाठी बनलेले असल्याने त्यावर चपळाई भरपूर असते. हंटरला चपळाईच्या एका गुणामागे माऱ्याचे दोन गुण मिळतात आणि घाव घातक ठरण्याची शक्यताही वाढते. शिवाय नेम चुकण्याचा प्रश्न असतो. आपल्यापेक्षा तीन स्तर वरच्या राक्षसावर शंभर बाण सोडले तर सुमारे नऊ वाया जातात, आणि ही तूट भरून काढणारा गुण ज्या तुकड्यावर असेल तो तुकडा हवा असतो. यावरून रोग आणि हंटर यांच्यात लुटीच्या वाटणीच्या वेळी किती भांडणे झाली याला गणती नाही. हंटरांना सगळेच हवे असते ही थट्टा तेव्हापासूनची. २०१० च्या ‘कॅटॅक्लिझम’ विस्ताराने आपल्याच प्रकारचे चिलखत अंगभर घालणाऱ्याला मुख्य गुणात ५ टक्के वाढ दिली आणि चामड्याकडे वळलेली नजर पुन्हा मेलकडे आणली.

केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीचा ‘रुनस्केप’ (२००१) आणि त्याचे २०१३ सालापासून चालणारे ‘ओल्ड स्कूल’ रूप येथे अधिक रोखठोक आहे. त्यात लोखंडी पत्र्याचे चिलखत घातले की दूरच्या माऱ्याचा नेम उणे आकड्यात जातो. अडखळत का होईना पत्र्यातून बाण मारू म्हणणाऱ्याला खेळ सरळ नापास करतो. त्याऐवजी चामड्याची चढती भाजणी आहे: साधे चामडे, खिळे ठोकलेले चामडे, मग ड्रॅगनचे कातडे. हिरव्या कातड्याचा अंगरखा रेंज स्तर ४० ला, निळा ५० ला, लाल ६० ला आणि काळा ७० ला. नेमातली भर अनुक्रमे १५, २०, २५ आणि ३०. अंगरख्याला बचावाचाही स्तर ४० लागतो, हातातल्या पट्ट्यांना आणि मांडीवरच्या आच्छादनाला तो लागत नाही. म्हणूनच बचाव मुद्दाम एकवर ठेवून दुसऱ्या खेळाडूंशी लढणारे ‘प्युअर’ पट्ट्या आणि मांड्या कातड्याच्या घालतात, छाती मात्र जवळजवळ उघडी ठेवतात.

अंतर तुटते तेव्हा

मागे सरकत, थांबत, बाण मारत शत्रूला झुलवत ठेवण्याला ‘काइटिंग’ म्हणतात. पतंगासारखा ढील देत ओढायचा, पण दोर कापू द्यायचा नाही. गोव्यातली पोरे खेळताना ‘काइट कर’ आणि ‘फाटीं सर’ दोन्ही ओरडतात. हेडफोनवर मराठी, कोंकणी आणि इंग्रजी यांची सरमिसळ अशी की कोणत्या वाक्याची भाषा कोणती हे ठरवणे कठीण.

चिलखत कितपत लागेल हे या झुलवण्यावर ठरते आणि झुलवणे इंटरनेटच्या तारेवर. खेळाचा सर्व्हर सिंगापुरात असेल तर गोव्याहून तो सरळ रेषेत सुमारे ३,६०० ते ३,७०० किलोमीटरवर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन परत यायलाच ३६-३७ मिलिसेकंद लागतात. समुद्रातली केबल सरळ रेषेत नसते आणि वाटेत यंत्रेही असतात, तेव्हा प्रत्यक्ष ‘पिंग’ यापेक्षा बराच जास्त येतो. युरोपातला सर्व्हर निवडला तर किमान आकडाच जवळजवळ दुप्पट होतो. मुंबईतला सर्व्हर मिळाला तर ही चिंता मिटते, पण प्रत्येक खेळाचा तो तेथे असतोच असे नाही. पडद्यावर शत्रू दहा पावले दूर दिसतो तेव्हा सर्व्हरच्या हिशेबी तो सात पावलांवर येऊन ठेपलेला असतो. परदेशी मार्गदर्शनांत ‘चिलखत विसरा, मारा वाढवा’ असे लिहिलेले सापडते. ते लिहिणारा बहुधा सर्व्हरच्या शेजारच्या शहरात बसलेला असतो. फोंड्यात बसून खेळणाऱ्याने त्यात थोडे जीवाचे आणि बचावाचे गुण मिसळावेत, यात कमीपणा नाही. जून-जुलैत झाड तारेवर पडून वीज गेली तर मात्र कोणतेच चिलखत उपयोगाचे नाही: राउटर बंद पडतो आणि पात्र काही क्षण मैदानात नुसते उभे राहते.

‘ओल्ड स्कूल रुनस्केप’मध्ये पिंगचा त्रास त्या मानाने कमी जाणवतो, कारण त्याचा सर्व्हर दर ०.६ सेकंदानेच पुढचे पाऊल टाकतो. शंभर-दीडशे मिलिसेकंदांचा उशीर त्या खिडकीत मावून जातो.

‘वॉरक्राफ्ट’च्या सुरुवातीच्या रूपात अंतराची आणखी एक गंमत होती. आठ यार्डांच्या आत हंटरला बाण मारता येत नसे आणि हातघाईचे शस्त्र पाच यार्डांपलीकडे पोहोचत नसे. मधल्या पट्ट्यात त्याला काहीच करता येत नसे. या ‘डेड झोन’मध्ये शत्रू खेळाडू मुद्दाम येऊन उभे राहत आणि तेथूनच मंत्र टाकत. बाण मारण्यासाठीची किमान अंतराची अट पुढे सैल होत गेली आणि २०१२ मध्ये निघूनच गेली.

मार कशाचा

हा भाग मार्गदर्शनांत एका ओळीत उरकलेला आढळतो, आणि धनुर्धाऱ्यांचे सर्वाधिक मरण याच ओळीत आहे. धनुर्धाऱ्यापर्यंत पोहोचणारा मार बहुतेक वेळा तलवारीचा नसतो. तलवारवाला वाटेतच अडवता येतो. मंत्र आणि दुसऱ्याचा बाण अडवता येत नाहीत. ‘वॉरक्राफ्ट’मधला चिलखताचा आकडा मंत्राच्या मारावर काहीच परिणाम करत नाही, जुन्या रूपात त्यासाठी अग्नी, हिम वगैरेंचा प्रतिरोध वेगळा मिळवावा लागतो. ‘रुनस्केप’मध्ये ड्रॅगनच्या कातड्याचा खरा गुण हाच: ते मंत्राविरुद्ध चांगला बचाव देते, तर पत्र्याचे चिलखत त्याविरुद्ध उणे पडते. त्या खेळातल्या त्रिकोणात दूरमारी मांत्रिकाला भारी, मांत्रिक पत्रेवाल्याला भारी आणि पत्रेवाला दूरमारीला भारी. तेव्हा समोर मांत्रिक असेल तर कातडे घालावे. पत्रेवाला असेल तर चिलखतापेक्षा पायांवर भिस्त ठेवावी.

गटात खेळताना पुढे ‘टँक’, म्हणजे मार अंगावर घेणारे पात्र, उभा असतो आणि राक्षसाचा राग त्याच्यावर असतो. तेथे चिलखत जवळजवळ पूर्ण माऱ्याच्या बाजूने निवडता येते, फक्त राग आपल्याकडे ओढून घेऊ नये. हंटरकडे त्यावर मेल्याचे सोंग घेण्याचा उपाय आहे. एकट्याने फिरणाऱ्याला ही चैन नाही.

गमावण्याची किंमत

काही खेळांत मेल्यावर चिलखत जागेवरच जाते. २०१७ सालच्या ‘अल्बियन ऑनलाइन’मध्ये पात्राला जात-वर्ग नाही, अंगावर जे घालाल ते तुम्ही. धनुष्यासोबत कापड, चामडे की पत्रा हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि प्रत्येक तुकड्यासोबत एक कौशल्य येते. कापडाने मारा वाढतो, पत्र्याने टिकाव, चामडे मधले. ‘मर्सिनरी जॅकेट’ घातलेला धनुर्धारी मारता मारता स्वतःची जखम भरून काढतो, म्हणून एकट्याने हिंडणाऱ्यांचा तो आवडता. पण लाल आणि काळ्या प्रदेशात मेल्यास अंगावरचे सगळे पडते: काही मोडते, उरलेले मारणारा उचलतो. तेथे उत्तम चिलखत म्हणजे पुन्हा दहा वेळा घेता येईल असे चिलखत. जाणते खेळाडू एकसारखे मध्यम दर्जाचे संच तिजोरीत रचून ठेवतात आणि महागाचे अंगावर काढत नाहीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शिरताना पाटल्या घरी काढून ठेवण्यातला शहाणपणा तोच.

पैसे मोजकेच असतील तर आधी धनुष्य, मग बाण, मग चिलखत हा क्रम बहुतेक खेळांत लागू पडतो. ‘रुनस्केप’मध्ये बाणांच्या खर्चाला पाठीवरच्या वस्तूनेही आळा घालता येतो. ‘एव्हाज ॲक्युम्युलेटर’ पाठीवर असला की सोडलेल्या शंभरातले सुमारे ७२ बाण आपोआप भात्यात परत येतात. बचावाच्या तक्त्यात ही वस्तू किरकोळ दिसते, पण महिनाभराच्या हिशेबात चिलखताचा पुढचा तुकडा तिनेच परवडतो.

रूप

चिलखत दिसते कसे हा प्रश्न गौण मानला जातो, पण खेळाडू त्यावर जितका वेळ घालवतात तितका आकड्यांवर क्वचितच. वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेले उत्तम तुकडे एकत्र घातले की पात्र भंगारवाल्याच्या गाड्यासारखे दिसते: एक खांदा लाल, दुसरीकडे हाडांचा टोप, खाली जांभळी विजार. ‘वॉरक्राफ्ट’ने २०११ मध्ये ‘ट्रान्समॉग’ आणून एका तुकड्याचे गुण ठेवून त्याला दुसऱ्याचे रूप देण्याची सोय केली. ती त्याच प्रकारच्या चिलखतापुरती आहे. हंटरच्या मेलला सरदाराच्या चकचकीत पत्र्याचे रूप देता येत नाही.