अवेट लिहिलं म्हणून जावास्क्रिप्ट थांबत नाही

जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो, कोडमध्ये अवेट (await, म्हणजे 'उत्तर येईपर्यंत थांब') दिसलं की वाटतं आता सगळा प्रोग्राम इथे थांबला. तसं नाहीये. थांबतं ते फक्त ज्यात अवेट लिहिलंय ते एक असिंक (async) फंक्शन, बाकीचा कोड चालूच राहतो.

मुळात आपला कोड एका थ्रेडवर चालतो, म्हणजे एका वेळी एकच काम. सर्व्हरचं उत्तर यायला दोन सेकंद लागले आणि तेवढा वेळ हा थ्रेड अडकून बसला तर पेज गोठणार, बटण दाबा नाहीतर स्क्रोल करा, काहीच हलणार नाही, म्हणून वाट बघायचं काम ब्राउझर स्वतःकडे घेतो. पूर्वी त्यासाठी कॉलबॅक, म्हणजे काम झाल्यावर चालवायची फंक्शन्स, द्यायचे, एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा, आणि एरर पकडायची कुठे हेच कळायचं नाही. मग 2015 च्या ईएस6 या जावास्क्रिप्टच्या आवृत्तीत प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणारी वस्तू) भाषेतच आलं, आणि 2017 मध्ये असिंक-अवेट. प्रॉमिस आधी पेंडिंग (उत्तर बाकी) असतं, मग फुलफिल्ड (यशस्वी) होतं नाहीतर रिजेक्टेड (अयशस्वी), आणि एकदा ठरलं की परत कधीच बदलत नाही. मला तर हीच त्याची सगळ्यात मोठी ताकद वाटते, कारण कॉलबॅक चुकून दोनदाही कॉल होऊ शकायचा.

हे एकदा करून बघाच: आधी 'अ' प्रिंट करा, मग शून्य मिलिसेकंदाच्या सेटटाइमआउट या टायमरमध्ये 'ब', मग आधीच रिझॉल्व्ह (पूर्ण) झालेल्या प्रॉमिसच्या देनमध्ये, म्हणजे ते पूर्ण झाल्यावर चालणाऱ्या भागात, 'क', शेवटी साधा 'ड'. उत्तर येतं अ, ड, क, ब! शून्य मिलिसेकंद असूनही 'ब' सगळ्यात शेवटी, कारण हातातला कोड संपला की इव्हेंट लूप (पुढचं काम कोणतं ते ठरवणारी यंत्रणा) आधी मायक्रोटास्कची, म्हणजे छोट्या तातडीच्या कामांची, रांग पूर्ण रिकामी करतो आणि प्रॉमिसची कामं त्याच रांगेत असतात, टायमरचा नंबर त्यानंतर.

आता वेळ कुठे वाया जातो ते बघा. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन रिक्वेस्ट, प्रत्येकी दोन सेकंदांच्या, एकीला अवेट आणि ती संपल्यावर दुसरीला अवेट, झाले चार सेकंद. दोन्ही एकदम सुरू करून सगळ्या प्रॉमिसची एकत्र वाट बघणाऱ्या प्रॉमिस डॉट ऑलला अवेट केलं तर साधारण दोनच. फक्त त्यातलं एक जरी रिजेक्ट झालं तरी ऑल रिजेक्ट होतं, तेव्हा एरर पकडायला ट्राय-कॅच हवाच. आणि सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायला फेच वापरत असाल तर 404 (पान सापडलं नाही) आला तरी प्रॉमिस रिजेक्ट होत नाही हं, सर्व्हरने उत्तर तर दिलंय ना! उत्तर यशस्वी आहे का ते सांगणारं रिस्पॉन्सचं ओके आपणच तपासायचं.