किस्तोफोरस

किस्तोफोरस हे आशिया मायनरच्या (आजचे तुर्कस्तान) पश्चिम भागातील ग्रीक शहरांत चालणारे चांदीचे नाणे होते. तेथील पर्गम राज्याच्या अत्तालिद घराण्यातील राजांनी ते इ. स. पू. दुसऱ्या शतकात पाडले. ग्रीक मद्यदेव डायोनायससच्या गूढविधींतील करंडी आणि तिच्यातून बाहेर पडणारा साप हे चित्र त्याच्या दर्शनी बाजूवर असे. ‘करंडीधारी’ या अर्थाचे नाव त्यावरूनच पडले. मागील बाजूस वेटोळे घातलेल्या दोन सापांमध्ये धनुष्याचा भाता दिसे. नाण्याचे वजन सुमारे १२.६ ग्रॅम, म्हणजे ॲटिक (अथेन्सच्या) वजनप्रमाणाच्या तीन द्राख्मांइतके (द्राख्मा हे ग्रीकांचे चांदीचे नाणे) होते, पण राज्यात ते चार द्राख्मांचे मानले जाई. त्यामुळे ते राज्याबाहेर नेणे तोट्याचे ठरे आणि चांदी घरातच फिरत राही.

इ. स. पू. १३३ मध्ये तिसऱ्या अत्तालसने मृत्युपत्राने आपले राज्य रोमला दिले. रोमने हे चलन मोडले नाही. एक किस्तोफोरस तीन दिनारियसांबरोबरचा (दिनारियस हे रोमन चांदीचे नाणे) धरला जाऊ लागला आणि इफिसस, पर्गम, त्राल्लेस येथील टाकसाळी चालूच राहिल्या. पुढे नाण्यांवर रोमन प्रांताधिकाऱ्यांची नावे आली. सिलिशिया प्रांताचा कारभार पाहणाऱ्या, प्रसिद्ध वक्ता सिसेरोच्या नावाचीही नाणी उपलब्ध आहेत. इ. स. पू. ३९ च्या सुमारास रोमन सेनानी मार्क अँटनीने दर्शनी बाजूवर स्वतःचे मस्तक घातले आणि करंडी मागील बाजूस नेऊन तिच्यावर आपली पत्नी ऑक्टेव्हिया हिची प्रतिमा बसवली.

या स्थित्यंतराचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ऑक्टेव्हियनचे (पुढे ऑगस्टस) इ. स. पू. २८ मधील नाणे होय. त्याच्या मस्तकाभोवतीच्या लेखात त्याला ‘रोमन लोकांच्या स्वातंत्र्याचा कैवारी’ म्हटले आहे. मागील बाजूवर शांतिदेवता पॅक्स उभी असून जुनी करंडी व तिचा साप तिच्या पाठीमागे, लहान आकारात उरले आहेत. हा लेख ग्रीक नसून लॅटिन आहे, हे विशेष महत्त्वाचे. याच शहरांची तांब्या-पितळेची नाणी ग्रीक लेखांसह निघत राहिली, म्हणजे इफिससच्या बाजारात एकाच माणसाच्या हाती दोन भाषांचा पैसा येत असे. सीरियातील अँटिऑक येथे मात्र ऑगस्टसच्या चांदीच्या चतुर्द्राख्मांवरही (चार द्राख्मांच्या नाण्यांवरही) ग्रीक लेखच राहिला, आणि त्यांवर नगरदेवता त्युखे व तिच्या पायाशी ओरोंतीझ नदी दाखवलेली आहे.

ऑगस्टसच्या नंतरच्या किस्तोफोरसांवर पर्गम येथील रोमा (रोमची देवता) व ऑगस्टस यांचे मंदिर आले, तर सम्राट क्लॉडियसच्या नाण्यांवर इफिससच्या आर्टेमिसचे मंदिर दिसते. प्रांताला आपली दैवते ओळखीची वाटावीत, मात्र सत्ता कोणाची याबद्दल शंका राहू नये, असाच या चित्रांचा रोख दिसतो.

सम्राट हेड्रियनने (कारकीर्द इ. स. ११७–१३८) नवे नाणे पाडताना बहुधा जुनेच किस्तोफोरस ठशाखाली घेतले. अशा नाण्यावर हेड्रियनच्या मस्तकाजवळ कधी अँटनीच्या, तर कधी ऑगस्टसच्या काळातील अर्धवट पुसलेली अक्षरे आजही वाचता येतात.