विनादेखरेख जीयूआय चाचणी

सॉफ्टवेअरच्या खिडक्या, बटणे व मेनू माणसाऐवजी प्रोग्रामकडून हाताळून निकाल तपासणे म्हणजे स्वयंचलित जीयूआय (ग्राफिकल युजर इंटरफेस) चाचणी. समोर कोणी नसलेल्या व्हर्च्युअल मशीनवर (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर), बहुधा रात्रीच्या बिल्डनंतर, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार झाल्यावर, ती चालते तेव्हा तिला विनादेखरेख म्हणतात.

तिचा आरंभ कोठून धरावा हे व्याख्येवर अवलंबून आहे. ॲपलचे स्टीव्ह कॅप्स यांनी १९८३ च्या सुमारास मॅकिंटॉशसाठी लिहिलेला ‘मंकी’ हा प्रोग्राम माउस व कीबोर्डच्या यादृच्छिक घटना सोडून मॅकराइट (लेखन), मॅकपेंट (चित्रकला) या प्रोग्रामांना हैराण करी. मात्र अपेक्षित निकालाशी तो काही ताडून पाहत नसे. प्रोग्राम कोसळतो का, एवढेच त्यातून कळे. त्यामुळे त्यास ताणचाचणीचा (प्रोग्रामवर मुद्दाम भार टाकून पाहण्याचा) पूर्वज म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. मॉनिटरविना चित्र मेमरीतच रेखाटणारा एक्सव्हीएफबी हा एक्स विंडो या युनिक्स-लिनक्सवरील खिडक्यांच्या प्रणालीचा सर्व्हर १९९० च्या दशकातला असून विनादेखरेख चाचणीशी त्याचे नाते अधिक थेट आहे.

विंडोजवरील खरी अडचण माणूस नसण्याची नव्हे, डेस्कटॉप नसण्याची आहे. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम, वापरकर्त्याच्या सेशनपासून अलग अशा सेशन ० मध्ये वेगळ्या ठेवल्या जातात. बिल्ड व चाचण्या चालवणारा प्रोग्राम, म्हणजे बिल्ड एजंट, सर्व्हिस म्हणून बसवला, तर त्याने उघडलेल्या खिडक्या वापरकर्त्याच्या डेस्कटॉपवर येतच नाहीत. एजंट लॉगिन केलेल्या सेशनमध्ये चालवावा, तर रिमोट डेस्कटॉपचे कनेक्शन तोडताच ते सेशन लॉक होते. मग क्लिक पोहोचत नाहीत, स्क्रीनशॉट काळे येतात. रिमोट डेस्कटॉप क्लायंटची खिडकी नुसती मिनिमाइझ केली तरी चित्ररेखाटन थांबू शकते. (सकाळी लॉग वाचणारा दोष मात्र चाचणीलाच देतो.) उपाय म्हणून टीएसकॉन या आज्ञेने सेशन कन्सोलकडे, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या पडद्याकडे, वळवतात किंवा यंत्र सुरू होताच आपोआप लॉगिन करणारे ऑटोलॉगॉन लावतात. पहिल्यात डेस्कटॉप उघडा राहतो. दुसऱ्यात पासवर्ड यंत्रातच साठवावा लागतो, आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) हाताने नोंदवल्यास तो साध्या मजकुरात राहतो. स्क्रीनसेव्हर व स्लीप बंद करणे, रिझोल्यूशन ठरवून देणे हे ओघानेच आले.

सुसे या लिनक्स कंपनीच्या ओपनक्यूए या चाचणीप्रणालीने निराळी वाट धरली. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममधील यंत्राचा पडदा बाहेरून पाहून तो ‘नीडल’ नावाच्या नमुनाचित्रांशी जुळवला जातो. त्यामुळे लॉगिनपूर्वीचे टप्पे, अगदी इन्स्टॉलेशनसुद्धा, तपासता येते. मात्र फाँट किंचित बदलला तरी नमुने नव्याने घ्यावे लागण्याची शक्यता असते.

मॅकओएसवर प्रोग्राम सुरू करणाऱ्या लाँचडीचा डीमन (सेशनबाहेर पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) नव्हे, तर वापरकर्त्याच्या सेशनमधील एजंट वापरतात. त्याला ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे इतर प्रोग्राम हाताळण्याची, परवानगी लागते.