ऐकणाऱ्यांच्या हाती निकाल : मन वळवण्याच्या शास्त्राची पार्श्वभूमी

एखादं भाषण किंवा जाहिरात तपासताना आपण तीन गोष्टी पाहतो : बोलणाऱ्याची पत काय, तो कोणत्या भावनेला हात घालतो आणि त्याच्या युक्तिवादात दम किती. ईथॉस, पेथॉस आणि लोगॉस ही या साधनांची ग्रीक नावं. शिकवताना त्यांचे बहुधा तीन खण केले जातात. वाक्य उचलायचं आणि कुठल्या तरी खणात टाकायचं. इतिहास पाहिला की ही पद्धत किती तोकडी आहे ते कळतं. जिथे निर्णय सामान्य श्रोत्यांच्या हाती आला तिथे हे शास्त्र उभं राहिलं, आणि तो त्यांच्या हातून गेला तसं ते रोडावलं.

सुरुवात सिसिलीतल्या सिरॅक्यूजपासून सांगितली जाते. इ.स.पू. 466 च्या सुमारास तिथली एकाधिकारशाही कोसळली आणि बळकावलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी लोक न्यायालयात जाऊ लागले. कोरॅक्स आणि टिसियस या दोघांनी त्यांना बाजू मांडायला शिकवलं, अशी परंपरा आहे. त्यांच्या नावावर असलेली मुख्य युक्ती संभाव्यतेची. दुबळ्या माणसावर मारहाणीचा आरोप आला, तर त्यानं म्हणायचं, 'माझ्यासारखा किडकिडीत माणूस याला मारेल, हे पटतं का?' आरोपी दांडगा असेल तर त्यानं म्हणायचं, 'संशय माझ्यावरच येणार हे ठाऊक असताना मी हात कशाला उचलेन?' एकाच युक्तीनं दोन्ही बाजू लढवता येतात, हे तेव्हाच उघड झालं. या शास्त्राबद्दलची भीती इतकी जुनी आहे, आणि ती अनाठायी नाही.

अथेन्समध्ये तर ज्याचा खटला त्यानंच उभं राहून बोलायचं अशी रीत होती. समोर 201 किंवा 501, मोठ्या खटल्यात त्याहूनही जास्त, चिठ्ठ्या टाकून निवडलेले नागरिक बसत. त्यांना कायदा समजावून देणारा न्यायाधीश नसे, आपसांत चर्चाही नसे. पाणघड्याळातलं पाणी संपेपर्यंत दोन्ही बाजू ऐकायच्या आणि लगेच मत टाकायचं. ज्याला भाषण रचता येत नसे तो पैसे देऊन लिहून घेई. लिसियस हा अशा लेखकांमधला फार मोठा. त्यानं एका अपंग माणसासाठी लिहिलेलं भाषण आजही वाचायला मिळतं. या माणसाला दिवसाला एक ओबोल (एक लहान नाणं) एवढी सरकारी मदत होती. तो घोड्यावर बसतो, म्हणजे त्याला मदतीची गरज नाही, असं म्हणत एकानं ती बंद करायचा घाट घातला होता. त्यावर त्याचं उत्तर असं : माझ्याकडे पैसा असता तर मी खोगीर घातलेल्या खेचरावर बसलो असतो, दुसऱ्यांचे घोडे मागत फिरलो नसतो. आरोप उलटतो, गरिबी डोळ्यांसमोर येते आणि बोलणारा सरळ, जरासा मिश्कील माणूस वाटू लागतो. तिन्ही साधनांची मांडणी व्हायला अजून बराच अवकाश होता. तरी या एका उत्तरात ती तिन्ही आहेत आणि एकमेकांपासून सुटी काढता येत नाहीत.

इ.स.पू. 427 मध्ये गॉर्गियस हा वक्ता आपल्या शहराचा दूत म्हणून सिसिलीहून अथेन्सला आला आणि त्याच्या लयदार, तोलून बांधलेल्या वाक्यांनी लोक थक्क झाले. औषध जसं शरीरावर काम करतं तसा शब्द मनावर काम करतो, असं त्याचं म्हणणं. प्लेटोला नेमकी हीच गोष्ट खुपली. अजाण लोकांपुढे वक्ता प्रत्यक्ष वैद्यापेक्षाही जास्त पटवून जातो, हे त्यानं गॉर्गियसच्याच नावाच्या संवादात दाखवून दिलं आणि वक्तृत्वाची गणना खुशामतीत केली.

प्लेटोच्या शिष्यानं, ॲरिस्टॉटलनं, मात्र हा प्रश्न झटकून टाकला नाही, आणि मला त्याचं मोठेपण यात दिसतं. आधीच्या लेखकांवर तोही नाराज होता. ते मुद्दा सोडून न्याय करणाऱ्यांना राग, मत्सर, दया यांत ओढायला शिकवतात, आणि हे म्हणजे जी पट्टी वापरायची तीच आधी वाकडी करण्यासारखं आहे, असं त्यानं वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात लिहिलं. पण त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्यानं भावनांचा जो अभ्यास केला, त्याला तोड नाही. राग घ्या. रागावलेल्याची मनःस्थिती कशी असते, तो कुणावर रागावतो आणि कोणत्या कारणानं, या तिन्ही गोष्टी कळल्याशिवाय राग उत्पन्न करता येत नाही, असं तो म्हणतो. माणूस शांत कसा होतो हेही तो तितक्याच बारकाईनं सांगतो. म्हणजे भावना ही बुद्धीवर पडलेली झडप नव्हे. तिच्या पोटात एक समजूत असते, 'माझा विनाकारण अपमान झाला' अशी, आणि ती समजूत खरी की खोटी हे तपासता येतं. श्रोत्यासाठी यापेक्षा उपयोगी ज्ञान मला माहीत नाही.

वक्त्याच्या विश्वासार्हतेबद्दलही त्याचा आग्रह वेगळा होता. शहाणपण, सचोटी आणि श्रोत्यांबद्दलचा सद्भाव या तीन गोष्टींमुळे वक्त्यावर विश्वास बसतो. पण तो भाषणातून निर्माण झाला पाहिजे, माणसाबद्दलच्या आधीच्या मतातून नव्हे. युक्तिवादाविषयी बोलताना तो डोरियस या खेळाडूचं उदाहरण देतो. डोरियसनं मुकुटाची स्पर्धा जिंकली हे सिद्ध करायचं असेल, तर तो ऑलिंपिकमध्ये जिंकला एवढंच म्हणणं पुरेसं आहे. तिथे मुकुट मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते श्रोता स्वतःच भरून घेतो. घोषणा आणि जाहिराती आजही यावरच चालतात. जे बोललं गेलं नाही ते आपण आपल्या पदरचं घालतो, म्हणून ते आपलंच मत वाटतं.

भारतात हा विचार वादसभेतून आला. न्यायसूत्रं या तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथानं तत्त्व शोधणारा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची पाडणारी वितंडा असे भेद केले. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातला विमानस्थान हा भाग वैद्यांना आणखी व्यवहारी सल्ला देतो : चर्चेला उतरण्यापूर्वी सभा पारखा. ती जाणत्यांची की अजाणांची, आणि स्नेहाची, तटस्थ की आधीच विरोधात गेलेली? पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकारानं उपदेशाच्या तीन रीती मांडल्या. वेद धन्यासारखी आज्ञा करतात, पुराणं मित्रासारखी समजावतात, काव्य प्रियेसारखं आपलंसं करून वळवतं. तिसऱ्या रीतीची ताकद गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

रोममध्ये या शास्त्राचा सर्वांत मोठा माणूस सिसेरो. इ.स.पू. 43 मध्ये त्याला ठार मारलं गेलं आणि त्याचं शिर भाषणाच्या व्यासपीठापाशी टांगलं गेलं. त्यानंतर सत्ता सम्राटांकडे गेली. शाळा चालूच राहिल्या. क्विंटिलियनसारख्या थोर शिक्षकाला सरकारी खजिन्यातून पगार मिळाला आणि त्यानं 12 भागांचा ग्रंथ लिहिला. पण विद्यार्थी चाचे आणि जुलमी राजे यांच्या काल्पनिक खटल्यांवर भाषणं घोकत होते. टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या संवादातलं एक पात्र स्पष्टच सांगतं की जिथे सगळे एकाच शहाण्या माणसाचं ऐकतात तिथे थोर वक्तृत्वाला काम उरत नाही.

सोळाव्या शतकात पॅरिसमध्ये पेत्रुस रामुस या विद्वानानं मुद्दे शोधणं आणि त्यांची रचना ही कामं तर्कशास्त्राकडे दिली. वक्तृत्वाकडे अलंकार आणि सादरीकरण एवढंच राहिलं. माझ्या मते शास्त्राचं सर्वांत मोठं नुकसान इथे झालं, कारण भावना आणि पुरावा यांचा एकत्र विचार करण्याची जागाच मोडली. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं 1690 मध्ये आलंकारिक भाषेला चूक आणि फसवणुकीचं साधन म्हटलं, तेव्हा तो या उरलेल्या सांगाड्यावरच रागावला होता.

रेडिओ आला आणि श्रोता पुन्हा महत्त्वाचा ठरला. 1937 मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रचाराचं विश्लेषण करणारी एक संस्था निघाली. तिनं सामान्य वाचकांसाठी सात क्लृप्त्यांची यादी काढली. विरोधकावर शिक्का मारणं, गोंडस शब्दांची पखरण, नामवंताची साक्ष, 'मी तुमच्यातलाच', सोयीचेच पुरावे, 'सगळे निघालेत, तुम्हीही चला' या त्यातल्या काही. यादी शाळांमधून गाजली. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर 1942 मध्ये संस्था बंद पडली. यादीत एक उणीव आहे : खरं बोलणाराही साक्ष देतो, तोही आपलेपणानं बोलतो. क्लृप्ती ओळखली म्हणून विधान खोटं ठरत नाही.

ॲरिस्टॉटलनं बाजूला ठेवलेली आधीची पत नेमकी किती काम करते, हे 1951 मध्ये कार्ल हॉवलँड आणि वॉल्टर वाइस या मानसशास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं. अमेरिकी विद्यार्थ्यांना एकच मजकूर वेगवेगळ्या नावांनी दिला. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीवरचा लेख काहींना ओपनहायमर या अणुशास्त्रज्ञाचा म्हणून, काहींना 'प्रावदा' या सोव्हिएत वृत्तपत्राचा म्हणून. लगेच विचारलं तेव्हा विश्वासू नावाचा मजकूर कितीतरी जास्त लोकांना पटला होता. चार आठवड्यांनी हा फरक मावळला. ज्या नावावर विश्वास नव्हता त्याचंही म्हणणं तोवर मनात रुजलं होतं. दोन वर्षांनी हॉवलँड आणि हर्बर्ट केलमन यांनी अशाच प्रयोगात काही आठवड्यांनंतर श्रोत्यांना मूळ वक्ता कोण होता याची आठवण करून दिली, आणि पुसला गेलेला फरक पुन्हा दिसू लागला.